चौथा सोमवार

हे प्रभो, जीभ माझी आहे, शब्द तू दे. आणि कान यांचे आहेत, ते उघडे ठेवायचं कामही तूच बघ, कारण माझ्याच्यानं ते होत नाही.

बसा मंडळी, बसा. मागं उभं राहू नका, पुढं जागा आहे. देवाच्या घरात पुढची जागा नेहमीच मोकळी असते. लग्नाच्या पंगतीला मात्र असं होत नाही, बरं का! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. तबला थांबू द्या. आज आधी प्रश्न आहे, गाणं मागून.

प्रश्न असा, की देव घरी भेटतो की नाही?

बोला की. एवढी माणसं बसलीत आणि सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी? बरं, मीच सांगतो. भेटतो. चुलीपुढं भेटतो, दवाखान्यातल्या खाटेवर भेटतो, एसटीची वाट बघत फाट्यावर उभे असता तिथंही भेटतो. जो नाही म्हणेल तो खोटं बोलतो. मग रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून इथं यायचं कशाला? दोन तास कडक बाकावर बसायचं, पाळकांचा उपदेश ऐकायचा, शेजारच्याची जांभई मोजायची — कशाला? देव घरपोच मिळत असताना?

हसू नका. हाच प्रश्न एका माणसानं विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्याला मिळालं. मंडळी, ऐका. ऐकून झाल्यावर हसू आलं तर हसा.

नदीकाठी पाथरवाडी नावाचं गाव. गावात साठ-सत्तर माणसांची आपली ख्रिस्ती मंडळी, दगडी भिंतीचं जुनं मंदिर. त्या मंडळीत हनोख अमोलिक नावाचा माणूस. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. हात इंजिनाच्या काळ्या तेलानं कायमचे रंगलेले, पण गळा असा, की विचारू नका. बावीस वर्षं त्या मंदिरात पहिलं गाणं हनोखभाऊंनी उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हा रिवाज. पाळक बदलले, पंच बदलले, छपराचे पत्रे बदलले, पण गाणं उचलणारा बदलला नाही.

आता बावीस वर्षं एकच काम केलं की माणसाला काय वाटतं? ते काम आपलं आहे असं वाटतं. आणि हळूहळू देवसुद्धा आपल्याच सुरात ऐकतो असं वाटायला लागतं. मला विचारा! मी तीस वर्षं कीर्तन करतोय.

झालं काय, पाळकांची सून नगरहून नांदायला आली. येताना कीबोर्ड घेऊन आली. पोरगी गुणाची, मनात पाप नाही. पाळक म्हणाले, या रविवारी तूच सुरुवात कर. हनोखभाऊंना सांगायला मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पाळकांना वाटलं पंचांनी सांगितलं असेल, पंचांना वाटलं पाळकांनी. असंच होतं ना आपल्याकडं?

रविवार उजाडला. हनोखभाऊ नेहमीप्रमाणं उभे राहिले, डोळे मिटले आणि पांढरी पाचमधून गाणं उचललं. त्याच वेळी तिकडून कीबोर्ड वाजला काळी एकमधून! अर्धी माणसं इकडं, अर्धी तिकडं. मग हळूहळू सगळीच तिकडं. हनोखभाऊंनी आवाज चढवला, तो वर जाऊन फाटला, आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

एवढंच. मंडळी, एवढंच झालं. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. साठ माणसांतलं एक माणूस अर्धा क्षण हसलं. हनोखभाऊ खाली बसले, आणि आशीर्वादाच्या आधीच उठून घरी गेले.

घरी गेल्यावर बायकोला म्हणाले, "रिबका, आजपासून आपलं मंदिर हे घर. प्रभूनं दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय."

सांगितलंय, बरोबर आहे. पण दार लावून किल्ली विहिरीत टाकायला नाही सांगितलं!

रिबकाबाई साधी बाई. मूलबाळ नाही. नवरा, चार कोंबड्या आणि मंदिर, एवढाच तिचा संसार. ती म्हणाली, "अहो, तुम्ही नका येऊ. मी जाऊन मागं बसते. कोणाशी बोलणार नाही."

"माझ्या घरातलं माणूस तिथं पाऊल ठेवणार नाही," हनोखभाऊ म्हणाले. "मला हसले ते लोक. तुला चालेल?"

नवऱ्याला हसले तर चालेल का, असं विचारल्यावर कुठली बाई होय म्हणेल? ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

आता पाथरवाडीच्या मंडळीचा एक रिवाज सांगायला हवा. जुन्या लोकांनी घालून दिलेला, पटकीच्या साथीच्या काळातला. रविवारी जो उपासनेला दिसला नाही, त्याच्या घरी सोमवारी सकाळी दोन माणसांनी जायचं. एकानं नाही, दोघांनी. 'काय, बरं आहे ना?' एवढंच विचारायचं. तापानं पडला असेल तर कळतं, भांडून बसला असेल तर तेही कळतं. याला सोमवारची फेरी म्हणतात. कागदावर कुठं लिहिलेली नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेली.

पहिल्या सोमवारी दानियल पंच आणि मार्थामावशी आले. "जय ख्रिस्त, हनोखभाऊ. काल दिसला नाहीत?"

"मी आजारी नाही," हनोखभाऊ उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. "रुसलेलाही नाही. माझा देव माझ्या घरात आहे. जा तुम्ही." चहा नाही, बसा म्हणणं नाही. रिबकाबाई आतल्या दारातून बघत होती. मार्थामावशीनं तिला हात केला, तिनं अर्धा उचललेला हात खाली घेतला.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच दोघं. हनोखभाऊ खिडकीतून बोलले. तिसऱ्या सोमवारी आले, तर फाटकावर पाटी! स्वतःच्या हातानं रंगवलेली. 'येथे दर रविवारी सकाळी १० वाजता उपासना होते. बोलावल्याशिवाय कोणी येऊ नये.'

बघा आता! उपासनेची जाहिरातही करायची, आणि येऊही नका म्हणायचं. पेटीवाले, द्या सूर —

आपुल्याच दारी आपुलीच घंटा,
आपणचि यावे धावून।
आपणचि गावे, आपण ऐकावे,
आपणचि म्हणावे आमेन॥

थांबवा. पुढची गोष्ट गाण्यात सांगण्यासारखी नाही.

पाटी वाचून दानियल पंचाचं टाळकं फिरलं. तो मार्थामावशीला म्हणाला, "तीनदा आलो. आता त्याची मर्जी. आम्ही काय त्याच्या दाराशी भीक मागायला आलोय?" मावशी म्हणाली, "अजून एकदा येऊन बघू." पंच म्हणाला, "तू ये. मी नाही येत." आणि एकट्यानं जायचा रिवाज नाही. मावशीही घरी गेली.

आता चौथा सोमवार. मंडळी, इथं कान द्या, झोप आली असेल तर शेजाऱ्यानं कोपर मारा. चौथ्या सोमवारी सकाळी हनोख अमोलिकनं काय केलं असेल? त्यानं दाढी केली. धुतलेला सदरा घातला. कोणी बघत नाही ना, हे बघून फाटकावरची पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवली. आणि बायकोला म्हणाला, "चहाला जरा जास्त आधण ठेव."

तिला सगळं कळलं. तिनं चार कप काढले, बशा पुसल्या.

माणूस रुसतो ना, तो सगळा रुसत नाही. त्यातला एक हिस्सा दाराशी येऊन बसलेला असतो. तीनदा परत पाठवायला तोंड असतं, पण चौथ्यांदा आला तर गळ्यात पडायचं ठरवलेलं असतं. हे सांगायला मात्र जीभ उचलत नाही. हनोखभाऊ नऊ वाजता ओट्यावर बसले. दहा झाले. अकरा झाले. वाटेनं माणसं गेली, पण फाटकाशी कोणी थांबलं नाही. चहा दोनदा गरम केला आणि शेवटी त्या दोघांनीच प्यायला. मग हनोखभाऊंनी पाटी उचलली आणि पुन्हा फाटकावर लावली. या वेळी खिळे ठोकून लावली.

त्या दिवशी हनोखभाऊंचा राग खरा झाला. आधी तो लटका होता.

आठ महिने गेले. दर रविवारी दहा वाजता त्या घरातून दोघांचं गाणं ऐकू यायचं. हनोखभाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, कारण मंदिराकडं जाणारी वाट त्यांच्या मोरीच्या भिंतीमागून जाते. देवाला ऐकू जावं म्हणून नव्हे हो, वाटेवरच्या माणसांना जावं म्हणून! माणसंही ऐकायची आणि म्हणायची, चालू झाली बघा हनोखभाऊची उपासना.

तरी मनाला पुरं पडेना. एकट्यानं देव गाठायचा म्हटलं की थोडं थोडं पुरत नाही, अजून एकटं व्हावं लागतं. हनोखभाऊंनी ठरवलं, मेव्हण्याच्या डोंगरावरच्या खोपीत चार दिवस एकांतात प्रार्थनेला बसायचं. फोन बंद, माणूस नाही, फक्त तो आणि देव. शनिवारी सकाळी पिशवी भरली.

रिबकाबाई म्हणाली, "दोन दिवस झाले, मला जरा गरगरतंय. तुम्ही चार दिवस नसणार, तर उद्याच्याला मी मंदिरात जाऊ का? नुसती बसून येते."

हनोखभाऊ चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "गरगरतंय तर आराम कर. दहा वाजता पाठ वाच, गाणं म्हण. मी तिथून म्हणतो, तू इथून म्हण. देव दोन्हीकडचं ऐकतो."

शेवटचं वाक्य काही खोटं नाही. मंडळी, मला त्या वाक्याची फार चीड येते.

हनोखभाऊ गेले. शनिवारी दुपारी रिबकाबाई मोरीत भांडी घासायला बसली. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती आडवी झाली. खुबा मोडला. पुढच्या दाराला कडी, फोन बाहेरच्या खोलीत. एका बाजूला शेजारी कांद्याची चाळ, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. बाई ओरडली. संध्याकाळपर्यंत ओरडली. घसा बसला. हाताशी पाण्याची बादली होती, हे देवाचे उपकार म्हणा. ओंजळीनं पाणी पीत पडून राहिली.

रविवार उजाडला. मंदिराची घंटा झाली आणि मोरीच्या भिंतीमागून पावलं वाजायला लागली. ओळखीची पावलं, ओळखीचे आवाज. बाईनं हाक मारायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा. जोर लावला, पुन्हा लावला. हाक फुटेना. मग तिनं गाणं म्हटलं. तुम्ही म्हणाल, हाक फुटत नव्हती तर गाणं कसं फुटलं? चाळीस वर्षं त्या घंटेला त्या तोंडून गाणंच बाहेर पडलं होतं, मंडळी. घोगऱ्या, फाटक्या आवाजात का होईना, ते निघालं.

आणि वाटेवरच्यांनी ते ऐकलं! ऐकलं बरं का. मार्थामावशी थांबली. बरोबरच्या बाईला म्हणाली, "आज रिबकाचा एकटीचाच आवाज येतोय गं. आणि असा का येतोय?"

ती दुसरी म्हणाली, "नवरा सुरावरून तिच्याशीही भांडला असेल. चला मावशी, दुसरी घंटा झाली. पाटी वाचली नाही का तुम्ही? बोलावल्याशिवाय येऊ नये."

मावशी गेली. सगळे गेले. मंदिरात जाऊन त्यांनी शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा उपदेश ऐकला.

त्याच वेळी तिकडं डोंगरावर हनोखभाऊ दहाच्या ठोक्याला उभे राहून गात होते. छान वारा होता, आवाज चांगला लागला होता, मध्येच तो फाडायला कीबोर्ड नव्हता. मनाला मोठी शांती वाटली. त्यांच्या मनात आलं, आता घरी रिबकाही गात असेल.

गात होतीच की ती.

सोमवार आला. साठ माणसांत कोणाला ठाऊक नव्हतं की अमोलिकांच्या घरी आज दोघांनी जायला हवं. काल ती दिसली नाही, असं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ती आठ महिने दिसतच नव्हती.

मंगळवारी हनोखभाऊ एक दिवस आधीच परतले. का, तर डोंगरावर तिसऱ्या दिवशी त्यांना एकाएकी करमेना. दार वाजवलं, हाक मारली, मागल्या दाराची कडी पहारीनं उचकटून आत गेले. रिबकाबाई जिवंत होती. बादली रिकामी होती.

तालुक्याच्या दवाखान्यात नेली. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणली असती तर खुब्याचं ऑपरेशन करून महिन्याभरात चालती केली असती. ती दोन दिवस राहिली. अधूनमधून बोलायची. तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, वाटेवरच्यांचं, गाण्याचं. म्हणाली, "हाक फुटेना, म्हणून गाणं म्हटलं. वाटलं, आवाज ओळखतील."

हनोखभाऊ म्हणाले, "ओळखला नाही?"

"ओळखला की," रिबकाबाई म्हणाली. "मार्थाबाईनं माझं नाव घेतलेलं ऐकलं मी. मग गेले सगळे."

गुरुवारी ती गेली.

मातीला सगळी मंडळी आली. आपण मातीला येतोच. माणूस जिवंत असताना पाटी वाचून माघारी फिरतो, मेल्यावर पाटी आडवी येत नाही! पाळक रडले, त्यांची सून रडली, मार्थामावशीला तर दोघींनी धरून ठेवावं लागलं. हनोखभाऊ रडले नाहीत. खड्ड्याच्या कडेला उभे राहून एकेकाचं तोंड बघत होते.

पुढच्या सोमवारी सकाळी फाटक वाजलं. दानियल पंच आणि मार्थामावशी. हनोखभाऊंनी आत घेतलं, बसा म्हणाले. मग हनोखभाऊंनी विचारलं, "पंच, माझी बायको तीन दिवस पडून होती. तुमच्यातल्या एकालाही यावंसं वाटलं नाही?"

दानियल पंच मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, आठ महिने तुमची जागा रिकामी होती. त्या रविवारी ती निराळ्या कारणानं रिकामी होती, हे आम्हाला कसं कळावं?"

हनोखभाऊंनी ते ऐकून घेतलं. बरोबर होतं ते. मग ते म्हणाले, "चौथ्या सोमवारी का आला नाहीत, पंच? मी पाटी काढून ठेवली होती. तिनं चार कप काढले होते."

पंचाला यावर बोलता आलं नाही. मार्थामावशीनं पदर तोंडाशी धरला. मंडळी, मीही यावर बोलू शकत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा.

तर देव घरी भेटतो का? भेटतो. त्या मोरीत देव रिबकाबाईजवळ होता, याबद्दल मला कणभर शंका नाही. पण देवानं दाराची कडी काढली नाही. ते काम त्यानं साठ माणसांवर सोपवलं होतं, आणि साठही जण त्या वेळी त्याची स्तुती करायला गेले होते. आपण रविवारी एकत्र येतो ते देवाला आपला सूर कळावा म्हणून नव्हे. त्याला कळतोच. आपण येतो ते एकमेकांना दिसावं म्हणून, आणि एखादा दिसला नाही तर ते कळावं म्हणून. ज्यानं यायचं सोडलं त्यानं घर बुडवलं. पण जे आले, गायले, आमेन म्हणाले आणि ज्यांनी रिकाम्या जागेकडं बघितलं नाही, त्यांनी उपासना केली असं मी म्हणणार नाही. ते नुसते जमले होते.

हनोखभाऊ आता दर रविवारी मंदिरात येतात. लोक म्हणतात, सुधारला, पश्चात्ताप झाला. ते गात नाहीत. मागच्या बाकावर बसून कोण आलं नाही ते बघतात. आणि सोमवारी सकाळी निघतात. दानियल पंच पहिले दोन महिने बरोबर गेला, मग त्याचे गुडघे दुखायला लागले. मार्थामावशीनं तर अंथरूणच धरलंय. पाळकांनी तीनदा उपासनेत विचारलं, हनोखभाऊंबरोबर फेरीला कोण जाईल? तेव्हा माणसं गाण्याचं पुस्तक चाळायला लागली. रिवाज दोघांचा आहे, पण म्हातारा एकटाच जातो.

तुम्ही आता म्हणाल, पाथरवाडीची मंडळी फार वाईट. पाथरवाडी राहू द्या! मी इथं आल्यापासून बघतोय. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर दोन जागा मोकळ्या आहेत, आणि आत येणारा प्रत्येक जण त्या सोडून बसला. म्हणजे त्या कोणाच्या आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. किती महिने झाले, कोण कोणाला हसलं, हे मी विचारणार नाही. मी परगावचा माणूस, उद्या जाईन.

कीर्तन संपलं की आशीर्वाद द्यायचा असतो. आज मी तो देत नाही. अजून उजेड आहे. दोघं जण उठा आणि त्या घरी जाऊन या. तोवर आम्ही बाकीचे इथंच बसून राहू, मग कितीही वेळ लागो.

पेटी बंद करा. कोण उठतंय, मंडळी?